नकाशाची देवघेव

दिनांक 12 जानेवारी 2010 रोजी कॅरिबियन समुद्रातील हैती या देशाला भूकंपाचा भीषण धक्का बसला. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स उद्ध्वस्त झाली. देशोदेशींची मदत पथके तेथे धावून गेली. परंतु कोणता रस्ता कोठे जातो, हे सांगणारा पुरेसा तपशीलवार नकाशा त्यांच्याजवळ नव्हता. तेव्हा 'ओपन स्ट्रीट मॅप' या खुल्या नकाशा-प्रकल्पातील शेकडो स्वयंसेवक कामाला लागले. आकाशातून टिपलेल्या ताज्या छायाचित्रांवरून त्यांनी घरबसल्या रस्ते, इमारती आणि निर्वासितांच्या छावण्या रेखाटल्या. काही दिवसांतच आकाराला आलेला हा नकाशा बचाव पथकांनी आपल्या हातातील दिशादर्शक उपकरणांवर उतरवून घेतला.

परस्परांना कधीही न भेटलेल्या इतक्या माणसांचे काम एकमेकांशी कसे जुळले? सर्वांनी आपली माहिती एकाच ठरलेल्या पद्धतीने नोंदवली होती, म्हणून ते जुळले. संगणकावर माहिती साठवण्याच्या अशा ठरलेल्या पद्धतीला फाईलचे स्वरूप किंवा 'फॉर्मॅट' असे म्हणतात.

कागदावरील नकाशा हे एक चित्र असते. डिजिटल नकाशा मात्र दिसायला चित्रासारखा असला, तरी त्याच्या मुळाशी आकड्यांची नोंदवही असते. पृथ्वीवरील प्रत्येक ठिकाण अक्षांश आणि रेखांश या दोन आकड्यांनी सांगता येते. उदाहरणार्थ, पुणे शहर सुमारे 18.52 अंश उत्तर अक्षांशावर आणि 73.86 अंश पूर्व रेखांशावर आहे. विहीर दाखवायची असेल, तर असा एक बिंदू पुरतो. रस्ता किंवा नदी दाखवण्यासाठी अनेक बिंदू ओळीने जोडून रेषा तयार करतात. शेत, तलाव किंवा गावाची हद्द दाखवताना ती रेषा पुन्हा आरंभबिंदूशी आणून मिटवतात. त्या बंद आकृतीला बहुभुज म्हणतात. या आकृत्यांबरोबर विहिरीची खोली, रस्त्याचे नाव, गावाची लोकसंख्या असे गुणधर्मही नोंदवलेले असतात. उपग्रहाने टिपलेल्या छायाचित्राची गोष्ट निराळी. ते लहान लहान चौकटींच्या जाळीसारखे असते आणि ते साठवण्यासाठी 'जिओटिफ' हे स्वरूप वापरतात.

बिंदू, रेषा आणि बहुभुज साठवण्याची अनेक स्वरूपे प्रचलित आहेत. त्यांपैकी 'शेपफाईल' हे जुने आणि सरकारी कार्यालयांत आजही पुष्कळ वापरले जाणारे स्वरूप होय. अमेरिकेतील 'एस्री' या कंपनीने ते 1990 च्या दशकात तयार केले. नाव एकवचनी असले, तरी शेपफाईल ही एक फाईल नसून किमान तीन फायलींचा संच असतो. एकीत आकृत्या, दुसरीत त्यांची अनुक्रमणिका आणि तिसरीत गुणधर्मांचा तक्ता असतो. नवशिके कर्मचारी अनेकदा पहिली फाईल तेवढी पाठवतात. मग ती घेणाऱ्याला एक तर नकाशा उघडता येत नाही, किंवा आकृत्या दिसल्या तरी त्या कशाच्या आहेत हे समजत नाही. म्हणून सर्व भाग एकत्र बांधूनच पाठवावे लागतात. शेपफाईलची आणखी एक मर्यादा भारतीय भाषकांना जाणवते. तक्त्यातील रकान्याच्या नावाला तिच्यात केवळ दहा रोमन अक्षरांइतकी जागा असते. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह अशी तीन जागा व्यापते. त्यामुळे मराठी शीर्षकाची जेमतेम तीन चिन्हे त्यात मावतात.

'केएमएल' हे स्वरूप मुळात 'कीहोल' या कंपनीचे. ही कंपनी 2004 मध्ये गूगलने विकत घेतली आणि पुढे 'गूगल अर्थ'मुळे हे स्वरूप घरोघरी पोहोचले. 2008 मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. आकृतीचा रंग, रेषेची जाडी, ठिकाणाचे वर्णन हे सारे त्यात साठवता येते. त्यामुळे नकाशा केवळ दाखवायचा असेल, तर ते सोयीचे ठरते. 2002 पासून प्रचारात असलेले 'जीपीएक्स' हे स्वरूप मुख्यतः चाललेली वाट नोंदवण्यासाठी आहे. डोंगरवाट तुडवणाऱ्या गिर्यारोहकाचा मार्ग त्यात बिंदूमागून बिंदू असा टिपला जातो. 'जिओजेसन' हे स्वरूप 2008 मध्ये निश्चित झाले आणि 2016 मध्ये इंटरनेटच्या मानकांत समाविष्ट झाले. ते साध्या मजकुराच्या रूपात असल्यामुळे माणसालाही वाचता येते, आणि त्यात देवनागरी नावे जशीच्या तशी टिकतात.

योग्य स्वरूप निवडले, तरी दोन गोष्टींची दक्षता घ्यावी लागते. पहिली गोष्ट म्हणजे आकड्यांचा क्रम. बोलताना आपण बहुधा अक्षांश आधी सांगतो. केएमएल आणि जिओजेसन यांत मात्र रेखांश आधी लिहितात. जीपीएक्समध्ये प्रत्येक आकड्यासमोर त्याचे नाव असते, म्हणून तेथे घोटाळा होत नाही. इतरत्र क्रम उलटला, तर संगणक तक्रार करत नाही. तो पुण्याचा बिंदू निमूटपणे नॉर्वेच्या उत्तरेकडील थंडगार समुद्रात नेऊन ठेवतो.

दुसरी गोष्ट आहे आकड्यांमागील संदर्भ प्रणालीची. पृथ्वी पूर्ण गोल नसल्यामुळे मोजमापासाठी तिचा एक आकार गृहीत धरावा लागतो. 1767 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आकारावर आधारलेले आहेत. आजची उपग्रह-आधारित उपकरणे 'डब्ल्यूजीएस 84' ही प्रणाली वापरतात. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानुसार सर्वसामान्यांसाठीच्या नकाशांनाही हीच प्रणाली लागू झाली. एकच आकडे या दोन प्रणालींत वाचले, तर देशात काही ठिकाणी शंभर मीटरांहून अधिक अंतर पडते. समुद्रात पडलेला बिंदू पाहताक्षणीच चुकीचा कळतो. शंभर मीटर सरकलेला बिंदू मात्र खराच वाटतो. शेताची हद्द ठरवताना किंवा ढिगाऱ्याखालच्या माणसाचा शोध घेताना एवढे अंतर फार मोठे असते.

म्हणूनच नकाशाची फाईल दुसऱ्याला देताना ती कोणत्या प्रणालीत आहे, केव्हा आणि कोणी तयार केली, हे सोबत लिहून द्यावे. ज्याच्या हाती ती फाईल येईल, त्याने आपल्या परिचयाचे एखादे ठिकाण, उदाहरणार्थ गावातील शाळा किंवा नदीवरील पूल, नकाशावर शोधून ते जागेवर आहे ना, हे पाहावे. एवढी पडताळणी झाली, की दूरच्या कोणी रेखाटलेल्या रस्त्यावर निर्धास्तपणे पाऊल टाकता येते.