ऑपरेशननंतर दुखण्याची गोळी : भावकीतल्याला लागू पडली म्हणून आपल्याला चालेलच असं नाही

मागच्या वैशाखात आमच्या अण्णांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. वय ७१. बीपीची गोळी दहा वर्षांपासून चालू. ऑपरेशन चांगलं झालं, तिसऱ्या दिवशी सुट्टी मिळाली. दुखण्यासाठी डॉक्टरांनी लिहून दिली नुसती पॅरासिटामॉल. आम्ही घरचे नाराज. एवढं जांघेत कापलंय, टाके पडलेत आणि गोळी दिली तापाची! भावकीतल्या एकाचं सहा महिन्यांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्याच्याकडं उरलेली पाकिटं होती. "लई जालीम गोळी हाय, अर्ध्या तासात गार," म्हणला. ती मीच आणली आणि मीच अण्णांना दिली. दिवसाला तीन, असं चार दिवस.

दुखणं गेलं, हे खरं आहे. अण्णा ओट्यावर येऊन बसायला लागले. पण पाचव्या दिवशी जेवण नको म्हणाले, उलटी झाली, पायावर सूज दिसली. लघवी दिवसभरात एकदा, तीही थोडी आणि गडद. परत दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं तर ऑपरेशनच्या आधी १.२ असलेलं क्रिएटिनिन ४.१ वर गेलेलं. डायलिसिसची भाषा निघाली. आठ दिवस सलाईन आणि लघवीचं माप मोजत बसलो, तेव्हा कुठं आकडा खाली आला. डायलिसिस टळलं.

ती गोळी डायक्लोफेनॅकची होती, ५० मिलिग्रॅमची. बनावट नव्हती, जुनी नव्हती आणि डोसही जास्त नव्हता. भावकीतल्या माणसाला ती बरोबरच होती. पण तो ४५ वर्षांचा, ना बीपी ना शुगर. आमची चूक गोळीत नव्हती, पेशंट बदलला होता त्यात होती.

किडनीवर नेमकं काय झालं?

नंतर भूल देणाऱ्या डॉक्टरांना गाठून मी हे समजून घेतलं. शेतकऱ्याला कळेल असं सांगायचं तर किडनी म्हणजे ठिबकचा फिल्टर. फिल्टर चालायला आत पुरेसं प्रेशर लागतं. अंगातलं पाणी कमी झालं की किडनीकडं येणारी रक्तवाहिनी शरीर स्वतःच थोडी मोकळी करतं, म्हणजे येणारा व्हॉल्व्ह जास्त उघडतं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, असेक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या नेमका तो येणारा व्हॉल्व्ह आवळतात. बीपीच्या टेल्मिसार्टनसारख्या गोळीनं पुढचा, जाणारा व्हॉल्व्ह सैल होतो. त्यात अण्णांच्या बीपीच्या गोळीत लघवी जास्त करणारं औषधही होतं. वर वैशाखाचं ऊन, जेवण तुटलेलं, पाणी कमी. म्हणजे विहिरीत पाणी नाही, इकडून बंद, तिकडून उघडं. फिल्टरमध्ये प्रेशर राहणार कुठून?

या औषधाचा आणि किडनीचा संबंध आपल्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांनी एका वेगळ्या रूपानं पाहिलेला आहे. पूर्वी ढोर मेलं की माळावर गिधाडं उतरायची, ती दिसेनाशी झाली. जनावरांना दुखण्यासाठी डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन द्यायचे. ते अंगात असताना मेलेलं जनावर गिधाडांनी खाल्लं की त्यांच्या किडन्या बंद पडायच्या. हे शोधून काढणारं संशोधन २००४ साली पुढं आलं आणि २००६ मध्ये भारतात जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक बंद झालं. माणसाची किडनी गिधाडाइतकी नाजूक नाही, नाहीतर हे औषध माणसांसाठीही राहिलं नसतं. धडधाकट माणसाला थोडे दिवस ते चांगलं चालतं. पण म्हातारपण, बीपी, शुगर, आधीच कमजोर किडनी किंवा उलट्या-जुलाबानं सुकलेलं अंग असलं की हिशेब बदलतो.

आणि एक गैरसमज. "गोळीनं पोट बिघडतं, सुई मारून घ्या" असं गावोगाव चालतं. सुईतलं डायक्लोफेनॅक तेच औषध आहे. ते रक्तातून फिरतं, त्यामुळं पोटातला अल्सर आणि किडनीचा धोका सुईनं टळत नाही.

डॉक्टर गोळी निवडतात कशावरून?

आधी ऑपरेशन कोणतं, ते पाहतात. मोतीबिंदूचं दुखणं आणि मांडीचं हाड बसवल्याचं दुखणं एका मापात मोजता येत नाही. मग पेशंटला विचारतात, शून्य ते दहामध्ये दुखणं किती? आपल्याकडं याचं उत्तर बहुतेक जण "लई" किंवा "बरंय" असं देतात. आकडा सांगायला लाजू नये. पडून असताना किती, आणि खोकताना, कुशीवर वळताना किती, हे दोन्ही वेगळं सांगावं. कारण नुसतं पडून बरं वाटणं पुरेसं नाही. दुखतं म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकून कफ काढत नाही, मग छातीत न्यूमोनिया होतो. उठून चालत नाही, मग पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याची भीती. म्हणून "मर्दानं सोसावं" हा सल्ला ऑपरेशननंतर कामाचा नाही. आमचे अण्णा असेच. नर्सला "काय दुखत नाही" म्हणायचे आणि तिनं पाठ फिरवली की दात आवळायचे.

आता ज्या पॅरासिटामॉलला मी तापाची गोळी म्हणून हसलो, तिच्याबद्दल. ऑपरेशननंतरच्या दुखण्यात सगळ्यात आधी हीच धरतात. मोठ्या दवाखान्यात भूल उतरायच्या आधीच ती सलाईनसारखी शिरेतून चढवतात. किडनी आणि पोट या दोघांना ती इतर गोळ्यांपेक्षा खूप सांभाळून घेते. खरी मेख अशी की ती वेळेवर घ्यावी लागते. मोठ्या माणसाला ५०० ते १००० मिलिग्रॅम, साधारण सहा-सहा तासांनी, पहिले दोन-तीन दिवस घड्याळ लावून. आम्ही काय केलं? अण्णा कण्हायला लागले की एक गोळी. दुखणं डोक्यावर चढल्यावर दिलेली गोळी त्याला खाली आणायला वेळ लावते. मग आम्ही म्हणायचं, या गोळीत दम नाही.

तिलाही मर्यादा आहे. २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर कुणीच जायचं नाही, त्यापलीकडं लिव्हरला धोका. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल तर त्याहून कमी, आणि आपल्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्या बायका चाळीस-बेचाळीस किलोच्या असतात. रोज दारू पिणाऱ्याला, कावीळ होऊन गेलेल्याला डॉक्टर डोस आणखी खाली आणतात. घोटाळा होतो तो दोन पाकिटांत एकच औषध असल्यामुळं. असेक्लोफेनॅकच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं, सर्दीच्या गोळीतही असतं. तीन पाकिटं वेगळी दिसतात, पोटात मात्र एकच औषध तिप्पट जातं. पाकिटामागची बारीक अक्षरं पोरांकडून वाचून घ्यावीत. लाल उभी रेघ असलेली गोळी तर चिठ्ठीशिवाय मागूच नये आणि मेडिकलवाल्यानं देऊ नये.

याचा अर्थ डायक्लोफेनॅक-आयबुप्रोफेन वाईट, असं मुळीच नाही. तरुण, निरोगी पेशंटला पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही मिळून दिली तर एकट्या कुठल्याही गोळीपेक्षा आराम जास्त पडतो, कारण दोघींची काम करायची वाट वेगळी आहे. पण दम्याच्या काही पेशंटना या जातीच्या गोळीनं धाप लागते. हृदयविकार असलेल्यांना डायक्लोफेनॅक टाळतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, पूर्वी पोटात अल्सर झाला असेल, तर रक्तस्राव होऊ शकतो. गरोदर बाईला तर विचारल्याशिवाय अजिबात नाही. हे सगळं डॉक्टरांना कधी कळणार? आपण सांगितलं तर. आम्ही भरती करताना "बीपीची एक गोळी चालू हाय" एवढंच सांगितलं होतं. गोळीचं नाव सांगता आलं नव्हतं.

बाळंतीण, पोरं आणि ऊसतोडीच्या बायका

सिझर झालेल्या बाईला "गोळी खाल्ली तर दुधातून बाळाला जाईल" म्हणून घरातल्या जुन्या बायका गोळीच बंद करतात. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन अंगावर पाजणाऱ्या आईला चालते. दुधात त्यांचा अगदी थोडा अंश उतरतो. उलट दुखण्यामुळं आई बसूच शकली नाही, तर बाळाला नीट पाजणार कशी? टाळायचं असतं ते ट्रामाडॉल आणि कोडीन. त्यानं बाळ सुस्त होऊ शकतं, श्वास मंदावू शकतो.

पोरांचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो. पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागं १५ मिलिग्रॅम धरतात. १२ किलोच्या पोराला १८० मिलिग्रॅम. पण सिरप दोन ताकदीचं मिळतं. एकात ५ मिलीमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम, दुसऱ्यात २५०. चमचा तोच ठेवून बाटली बदलली की डोस दुप्पट. मोठ्यांची गोळी अर्धी मोडून पोराला देणं तर बंदच करा. निमेसुलाईड १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे, तरी घराघरात ती अर्धी करून दिली जाते.

आपल्या बीड जिल्ह्यात हा विषय निघाला की ऊसतोडीच्या बायका डोळ्यांपुढं येतातच. त्यांच्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, चौकशी समिती बसली. पण ऑपरेशननंतर काय, यावर फार कमी बोललं गेलं. टाके ओले असताना कोयता हातात आणि मोळी डोक्यावर. दुखलं की फडाजवळच्या टपरीवरून सुट्ट्या गोळ्यांची पुडी, तीही उपाशीपोटी, पाणी न पिता. अण्णांना उन्हानं आणि कमी पाण्यानं जे झालं, तीच परिस्थिती इथं रोजची. पुडीतल्या गोळीत काय आहे हे कुणालाच माहीत नसतं. कधी स्टिरॉईड असतं, त्यानं बरं वाटतं पण जखम भरत नाही आणि शुगर चढते. गोळीनं दुखणं दबतं, टाके काही पक्के होत नाहीत. विश्रांतीचे दिवस डॉक्टर चिठ्ठीवर लिहितात, पण उचल घेतलेला मुकादम ती चिठ्ठी वाचतो का, हा प्रश्न औषधाच्या पलीकडचा आहे.

मोठ्या दुखण्याला मोठं औषध

हाड मोडलं, पोट उघडून मोठं ऑपरेशन झालं, तिथं पहिले एक-दोन दिवस साध्या गोळीनं भागत नाही. अशा वेळी मॉर्फिन, फेंटानिल, ट्रामाडॉल लागतं. मॉर्फिन येतं अफूपासून, आणि तिची शेती मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यावर होते. कायदा कडक असल्यानं पूर्वी दवाखान्यांना मॉर्फिन ठेवायला अनेक परवाने लागत. २०१४ च्या दुरुस्तीनं ते सोपं झालं, तरी लहान गावात ते क्वचितच मिळतं. मग ट्रामाडॉलवर काम भागवतात. २०१८ पासून तेही अमली पदार्थांच्या कायद्यात आलंय. याचा अर्थ दोन दिवस दिलं की सवय लागते असा नाही. डॉक्टरांच्या देखरेखीत थोडे दिवस दिलेल्या औषधाला घाबरू नये. जपायचं ते इतकंच : मळमळ होते, गुंगी येते, आणि बद्धकोष्ठ होतं. हर्नियाच्या पेशंटला संडासला कुंथावं लागलं तर टाक्यांवर ताण येतो, म्हणून पोट साफ राहायचं औषध सोबत देतात. झोपेची गोळी किंवा दारू यांच्याबरोबर ते घेतलं तर श्वास थांबू शकतो. पेशंट घोरत गाढ पडलाय आणि हाक मारली तरी उठत नाही, तर "चांगली झोप लागली" म्हणून सोडू नका, नर्सला बोलवा. फिट येणाऱ्याला ट्रामाडॉल देत नाहीत, तेही आधी सांगा.

अफूच्या जातीची ही औषधं कमी लागावीत म्हणून आता नस बधिर करायचं इंजेक्शन वापरतात. मांडीच्या हाडाला जांघेत, हाताच्या ऑपरेशनला खांद्याजवळ. कितीतरी तास तेवढाच भाग बधिर राहतो, डोकं शुद्धीवर. म्हाताऱ्या माणसाला हे फार सोयीचं, कारण गुंगीच्या औषधानं म्हातारी माणसं रात्री बरळायला लागतात. भूल देणारे डॉक्टर ऑपरेशनआधी भेटायला येतात तेव्हा "नस बधिर करता येईल का?" असं विचारायला हरकत नाही.

कमरेतून दिलेली भूल दोन ते चार तासांत उतरते. दुखणं त्यानंतर सुरू होतं, म्हणून गोळी त्याच्या आधी पोटात गेलेली बरी. साधारण तिसऱ्या दिवसापासून दुखणं रोज थोडं-थोडं उतरत जायला हवं. उतरायच्या ऐवजी चढत असेल, ताप असेल, टाक्यांतून पू येत असेल, एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, संडास डांबरासारखी काळी होत असेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर गोळी वाढवू नका. त्या दुखण्याचं कारण शोधावं लागतं आणि ते दवाखान्यातच शोधता येतं.

सुट्टी घेताना डिस्चार्ज कार्डावर चार गोष्टी लिहून मागा : कोणती गोळी, किती वाजता, किती दिवस, आणि कोणती अजिबात नको. आमच्या कार्डावर शेवटची ओळ नव्हती, कारण आम्ही विचारलंच नव्हतं. आता अण्णांच्या बीपीच्या डबीवर मी मार्करनं गोळीचं नाव आणि खाली "डायक्लोफेनॅक नको" असं लिहिलंय. भावकीतल्याची उरलेली दोन पाकिटं मेडिकलवाल्याकडं नेऊन दिली.