बॅग, डबा आणि लोहगावची वाट

संध्याकाळी चाकणच्या तळेगाव चौकात कंपन्यांच्या बसेस एकामागे एक अडकतात. त्याच रांगेत विमान गाठायला निघालेली एखादी टॅक्सीही असते. मागे कारखान्याचा परदेशी साहेब असो की पहिल्यांदाच दिल्लीला निघालेला नवा इंजिनियर, दोघेही सारखेच घड्याळाकडे बघतात. गंमत अशी की एकेकाळी विमानतळच इकडे यायचा होता. खेड-चाकण परिसरात जागांच्या पाहण्या झाल्या, शेतकऱ्यांनी जमिनी द्यायला विरोध केला आणि २०१६ मध्ये सरकारने पुरंदरचे नाव पुढे केले. पुरंदर म्हणजे पुणे शहराच्या पार पलीकडचे टोक. त्यामुळे या पट्ट्याला आजही हवाई दलाच्या तळावरचा लोहगाव विमानतळच गाठावा लागतो.

रुळांवरून तिथे कसे जायचे? चाकणला रूळच नाहीत. पिंपरीत मेट्रो आहे. पिंपरी-चिंचवड महापालिका ते फुगेवाडी हा टप्पा ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाला, १ ऑगस्ट २०२३ रोजी गाडी सिव्हिल कोर्टापर्यंत गेली आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजी स्वारगेटला पोहोचली. विमानाच्या प्रवाशाने सिव्हिल कोर्टाला उतरायचे, वनाझहून येणारी गाडी धरायची, रामवाडीला पुन्हा उतरायचे आणि मग बस किंवा रिक्षा बघायची.

नकाशावर सिव्हिल कोर्ट म्हणजे दोन रेघांची फुली. प्रत्यक्षात पिंपरीची गाडी जमिनीखाली ३३.१ मीटरवर थांबते आणि रामवाडीची गाडी रस्त्याच्या वर, खांबांवरून धावते. मधले अंतर दहा मजली इमारतीहून जास्त. स्थानकाची रचना देखणी आहे, इतक्या खोल फलाटावरही थेट ऊन उतरते आणि लोक थांबून मोबाइलवर फोटो काढतात. पंधरा किलोची बॅग ओढणारा मात्र लिफ्ट शोधत असतो. सरकत्या जिन्यावर बॅग पुढच्या पायरीवर ठेवली की मागून घाईने येणाऱ्याची वाट अडते. विमानतळाच्या मेट्रोची गर्दी डब्यात मोजतात, पण ती आधी इथे, मार्ग बदलण्याच्या जागी तुंबते.

डब्यातही बॅगेचा प्रश्न आहेच. पुण्याची गाडी तीन डब्यांची, आसने भिंतीला लागून. चाकांची बॅग गुडघ्यांत धरली तर समोरच्याच्या पायात येते, म्हणून ती दारापाशी ठेवली जाते. आणि दारातच गाडीचा वेळ जातो, कारण चढणारे-उतरणारे अडले की पुढची गाडीही रखडते. लंडनच्या पिकॅडिली लाइनने हे ओळखले होते. हीथ्रोला १९७७ मध्ये पोहोचलेल्या या मार्गासाठी बनवलेल्या गाड्यांत दारांजवळची जागा मुद्दाम ऐसपैस ठेवली होती, रोजच्या प्रवाशालाही ती सोयीची.

उलट उदाहरण दिल्लीचे. २०११ मध्ये सुरू झालेली एअरपोर्ट एक्स्प्रेस विमानवाल्यांसाठी वेगळी, महागडी लाइन होती. शहरातच बॅग जमा करण्याची सोयसुद्धा होती. जुलै २०१२ मध्ये बांधकामातील दोषांमुळे ती बंद पडली, पुढच्या वर्षी खासगी चालक बाहेर पडला आणि दिल्ली मेट्रोने कारभार हाती घेतला. भाडी उतरली तशी गर्दी वाढली, आणि त्यात विमानाशी काही घेणेदेणे नसलेले नोकरदारही होते. मुंबईने वेगळी वाट धरली. तिथली भुयारी मेट्रो-३ साधीच, आठ डब्यांची, आणि वाटेत विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांपाशी थांबणारी. नोकरदार आणि बॅगवाला एकाच डब्यात.

पुण्यात रामवाडीच्या पुढे वाघोलीपर्यंतचा मेट्रोचा विस्तार जून २०२५ मध्ये केंद्राने मंजूर केला. तो नगर रस्त्यानेच जातो, लोहगाव बाजूलाच राहते. दरम्यान विमानतळाच्या दारात २०२२ मध्ये एरोमॉल हा बहुमजली वाहनतळ उभा राहिला, म्हणजे गाड्यांना आधी इमारत मिळाली! नवे टर्मिनल जुलै २०२४ मध्ये उघडले. तिथून निघणाऱ्यालाही ट्रॉली ढकलत टॅक्सीसाठी एरोमॉलच गाठावा लागतो.

निगडीच्या भक्ती-शक्ती चौकापासून वाकड, नाशिक फाटा करत चाकणला जाणाऱ्या मेट्रोचा विचार महापालिका करते आहे. ती झाली तर तिची खरी परीक्षा शिफ्ट सुटताना होईल. ऑफिसची गर्दी दोन-तीन तासांत पसरते, कारखान्याची एका भोंग्यात बाहेर पडते, हातात जेवणाचा डबा आणि पाठीवर सॅक घेऊन. तिथे सामानाच्या फळ्या किंवा आलिशान खुर्च्या कुचकामी. रुंद दारे, मोकळी उभी राहण्याची जागा आणि नाशिक फाट्याला, जिथे ही लाइन जुन्या मेट्रोला भेटेल, एकाच पातळीवर गाडी बदलण्याची सोय हवी. एवढे झाले तर बॅगवाल्याचेही काम भागेल. सिव्हिल कोर्टाची खोली मात्र आता कमी करता येत नाही.

वेळेचा मुद्दा उरतोच. पुण्याची मेट्रो सकाळी सहाला सुरू होते. सहा-साडेसहाचे विमान धरायचे तर चाकणचा प्रवासी पहाटे साडेतीनलाच टॅक्सीत बसतो, मोशी-भोसरी मागे टाकतो. त्या वेळी तळेगाव चौकात कुणीच अडकलेले नसते.