घराण्याचा माग (लेखांक ९) : राहिलेल्यांची आडनावे, निघालेल्यांची आडनावे

वंशावळ मांडताना बहुतेकांची गाडी खापरपणजोबापाशी अडते. नवी मुंबईच्या गावठाणांत ती अडते ती आडनावामुळे. घणसोली, करावे, उलवे, कामोठे, कुठेही जा; पाटील, म्हात्रे, ठाकूर, भोईर, मढवी, भगत, तांडेल हीच नावे दारोदार. जुन्या दफ्तरात ‘म्हात्रे’ शोधू गेलात तर शंभर सापडतील, नाहीतर एकही नाही.

एकही नाही, हीच शक्यता जास्त. एकोणिसाव्या शतकातल्या महसुली कागदाचे काम बहुधा तीन गोष्टींवर भागे : माणसाचे नाव, बापाचे नाव आणि जात. ‘गोमा वल्द (म्हणजे मुलगा) नामा आगरी’ एवढे लिहिले की कारकुनाचे समाधान. आडनाव कित्येक घरांना पुढे शाळेच्या रजिस्टरात नाव घालताना मिळाले, आणि मिळाले तेही बहुधा हुद्द्याचे. पाटीलकी सर्वांना ठाऊक आहे. पण ठाणे-कुलाब्याच्या किनारपट्टीत पाटलाच्या जोडीला मढवी आणि म्हातारा असेही गावचे मानकरी असत. म्हात्रे त्यातूनच आले. तांडेल हा होडीवरचा प्रमुख, भगत हा देवाचे करणारा. त्यामुळे आडनाव एक म्हणजे भाऊकी एक, हा समज आधी सोडा. एका गावातल्या दोन पाटील घरांचा रक्ताचा काही संबंध नसेल, आणि सख्ख्या भावांच्या वंशांत आडनावे दोन झालेली असतील. भाऊकी ठरवायची तर आजीला विचारा, कुणाच्या मयताला आपल्याकडे दहा दिवस सुतक धरतात. हा पुरावा कुठल्याही कचेरीत मिळत नाही, आणि माझ्या मते तो कचेरीतल्या कागदाइतकाच भक्कम आहे.

याच पट्ट्यात उलटे उदाहरणही आहे. पनवेलचे बेथ एल सिनेगॉग १८४९ सालचे. ते बांधणाऱ्या बेने इस्रायली ज्यू समाजाची, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या आपल्या शनवार तेल्यांची, आडनावे पाहा : पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर. त्यांचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल किहीमकर याच समाजातले. १८९७ मध्ये लिहून झालेले त्यांचे पुस्तक छापले गेले १९३७ मध्ये. तेलाचे घाणे सोडून ही माणसे मुंबईला, पलटणीत गेली आणि सुटलेले गाव नावाला घेऊन गेली. पेणेत राहणाऱ्याला पेणकर म्हणवून घ्यायची गरज कधी पडते? निघालेल्याच्या नावात गाव येते; राहिलेल्याच्या नावात गावातली त्याची जागा. म्हणून ‘कर’वाल्यांनी शोध आडनावातल्या गावापासून सुरू करावा. नवी मुंबईच्या मूळ रहिवाशाला तो जमिनीवरूनच करावा लागतो.

जमिनीचा माग असा लागतो. आजच्या सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतात. त्यांवरून एकेक पायरी मागे उतरत गेलात की १९०३ च्या हक्कनोंदणी कायद्यानंतरच्या पहिल्या नोंदींपर्यंत पोचता. त्याआधीचे कागद मोजणीचे, बहुतेक मोडीत. सोबत गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची नोंद, अर्थात कोतवाल बुक. एक खाचखळगा लक्षात ठेवा : पनवेल, उरण १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते, मग कुलाब्यात गेले; आणि कुलाब्याचे रायगड झाले ते १९८१ मध्ये. जिल्ह्याच्या ठिकाणी, अलिबागेत, कागद नाही म्हणून हात टेकण्याआधी ठाण्यात विचारा. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही विसरू नका. तिथेही पहिला प्रश्न येतो तो गाव आणि जात यांचा.

या भागात ही उठाठेव निव्वळ हौसेची कधीच नव्हती. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारे सरकारी महामंडळ, सिडको, आले; ९५ गावांच्या जमिनी संपादनात गेल्या. या जमिनींच्या मोबदल्यासाठी झालेल्या जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले, आणि पुढे संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के योजनेत मिळणाऱ्या भूखंडासाठी घराघरात वारस सिद्ध करणे आले. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील, म्हणजे दिनकर बाळू पाटील. मधले ‘बाळू’ म्हणजे जुन्या कागदात ‘वल्द’पुढे येणारे बापाचे नाव. 

या वंशावळींत बायका मात्र नाहीत. मुली सासरी गेल्या की त्यांची फांदी खुंटते. जिथे त्यांचे नाव येते तिथे पुष्कळदा हक्कसोडपत्रावर अंगठ्यापुरते. खापरपणजीचे नाव हवे असेल तर मुले लहान असतानाच बाप वारला अशा घराचा वारस फेरफार काढा. अज्ञान मुलांच्या नावांपुढे ‘अ.पा.क.’ अशी अक्षरे दिसतील, म्हणजे अज्ञान पालनकर्ता. त्यापुढे बहुधा मुलांच्या आईचे नाव असते. अनेक घराण्यांत ती कागदावर एवढ्याच ठिकाणी सापडते.

(पुढील लेखांकात : मोडीतला फेरफार कसा वाचावा)