शकुंतलेची राजसभा : व्यास, कालिदास व चित्रपट

शकुंतलेची कथा मराठी वाचकांस नव्यानें सांगण्याचें कारण नाहीं. परंतु जी कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे ती कालिदासाची आहे, व्यासांची नव्हे, ही गोष्ट मात्र वारंवार विसरली जाते. दुर्वासाचा शाप, पाण्यांत पडलेली मुद्रिका आणि ती गिळणारा मासा हीं वगळलीं, तर या कथेंत काय उरतें, असें विचारल्यास पुष्कळजण ‘कांहींच नाहीं’ असें उत्तर देतील. वस्तुतः महाभारतांत या तिहींपैकीं एकाचाही मागमूस नाहीं. तेथें उरतो तो एका स्त्रीचा राजसभेंतील वाद. स्त्रीचें प्रेम व पुरुषाची सत्ता यांचा झगडा निरनिराळ्या काळीं कोणत्या स्वरूपांत मांडला गेला, हें या एका उदाहरणावरून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

१. महाभारतांतील मूळ प्रसंग

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तींतील आदिपर्व डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनीं संपादिलें व तें १९३३ सालीं पूर्ण झालें. त्यांत हें उपाख्यान ६२ ते ६९ या अध्यायांत आलें आहे. कण्व फळें आणावयास गेले असतां दुष्यंत आश्रमांत येतो. शकुंतला एकटीच त्याचें स्वागत करते व आपल्या जन्माची हकीकत स्वतःच सांगते. राजा विवाहाचे आठ प्रकार गणून गांधर्व विधि क्षत्रियास विहित असल्याचें तिला पटवितो. शकुंतला प्रथम ‘पित्यास येऊं द्या’ म्हणते; राजाचा आग्रह पाहून होकार देते, पण अट घालून. आपल्या पोटीं येणारा पुत्रच युवराज झाला पाहिजे, असें वचन ती आधीं घेते. राजा फारसा विचार न करितां तें देऊन टाकतो. येथील प्रीति भोळी नाहीं. कराराचें महत्त्व ती जाणून आहे.

राजा न्यावयास सैन्य पाठवीन म्हणून जातो व पाठवीत नाहीं. पुढें ती मुलासह राजसभेंत उभी राहते, तेव्हां राजास सर्व आठवत असतें. तरीही तो ‘आठवत नाहीं’ म्हणतो. ग्रंथकारानें हें स्पष्ट नमूद केलें आहे. यानंतरचें शकुंतलेचें भाषण हा या उपाख्यानाचा गाभा होय. एकांतांत केलेलें पाप कोणी पाहत नाहीं असें मानणाऱ्यास सूर्य, चंद्र व अंतरात्मा साक्षी असतात, भार्या ही पुरुषाचें अर्ध आहे, सहस्र अश्वमेधांपेक्षां सत्याचें पारडें जड आहे, असे एकामागून एक मुद्दे ती मांडते. राजा तिच्या आईवरून तिला हिणवितो, तेव्हां ‘माझें कुल तुझ्याहून वरचें आहे’ असें ती बजावते. शेवटीं, ‘तुझ्यावांचूनही माझा पुत्र पृथ्वीचें राज्य करील’ असें सांगून ती निघते. त्यानंतर आकाशवाणी होते व राजा मुलाचा स्वीकार करितो. केवळ स्त्रीच्या शब्दावर पुत्र घेतला असता तर लोकांस शंका राहिली असती, अशी सबब तो सांगतो. इतकेंच नव्हे, तर तिच्या कठोर बोलण्याबद्दल तिला क्षमाही करितो!

या प्रसंगांतील कायद्याचा पेंच ध्यानांत घेण्यासारखा आहे. गांधर्व विवाहास पुरोहित नको, मंत्र नको, साक्षीदारही नको. अशा विवाहाचा सारा पुरावा म्हणजे दोघांचा शब्द. त्यांतील एकानें तो फिरविला, तर दुसऱ्यानें दाद कोणाकडे मागावी? न्याय देणारा राजा आणि प्रतिवादीही राजाच. अशा स्थितींत शकुंतलेजवळ वाणीखेरीज दुसरें साधन नव्हतें. तिनें तें पूर्णपणें वापरलें.

२. मुद्रिका कोठून आली?

मुद्रिकेची कल्पना महाभारतांत नसली तरी इतरत्र आढळते. बौद्धांच्या ‘कट्ठहारि’ जातकांत ब्रह्मदत्त राजा उद्यानांत लाकडें वेंचणाऱ्या स्त्रीस अंगठी देतो व पुत्र झाल्यास अंगठीसह येण्यास सांगतो. ती येते, राजा ओळखतो, पण लाजेखातर नाकारतो. तेव्हां ‘आतां सत्यावांचून मला साक्षी नाहीं’ असें म्हणून ती मुलास वर फेंकते व तो अधांतरीं बसतो. येथें खूण हातीं असूनही राजा खोटें बोलतो, हें विशेष होय.

कालिदासानें मुद्रिका ठेविली व तिच्या जोडीस शाप घातला. परिणाम मोठा झाला. राजा आतां खोटें बोलत नाहीं. त्यास खरोखरच आठवत नाहीं. परस्त्री समजून तो तिला नाकारतो, म्हणजे त्याचा नकारही धर्मनिष्ठाच ठरते. महाभारतांतील अट येथें नाहीं. सखीच्या सांगण्यावरून राजा सामान्य आश्वासन देतो. पांचव्या अंकांत राजाशीं मुख्य वाद शार्ङ्गरव हा कण्वशिष्य करितो. शकुंतला अंगठी दाखवूं जाते तों बोट रिकामें. ती राजास ‘अनार्य’ म्हणते, पण शेवटीं धरणीमातेनेंच आपणांस पोटांत घ्यावें अशी याचना करिते.

भाषेचाही भेद आहे. उपाख्यानांतील शकुंतला राजाशीं त्याच्याच संस्कृतांत धर्मशास्त्र बोलते. नाटकाच्या संकेताप्रमाणें राजा संस्कृत बोलतो व ती प्राकृत. सभेंतील दोन पक्ष एका पातळीवर नाहींत, हें शब्दोच्चारापासूनच प्रेक्षकांस कळतें.

तथापि कालिदासावर एकांगी दोषारोप करणें न्याय्य होणार नाहीं. पांचव्या अंकाच्या आरंभींच हंसपदिकेच्या गाण्यांतून राजाच्या विसराळू प्रीतीवर त्यानें बोट ठेविलें आहे, व सहाव्या अंकांत त्यास पश्चात्तापांत पोळून काढलें आहे. सातव्या अंकांत राजा शकुंतलेच्या पायां पडतो. महाभारतांतील राजा क्षमा करितो. नाटकांतील राजा क्षमा मागतो. कवीनें स्त्रीची वाणी कमी केली, परंतु राजाचें हृदय जागें केलें.

३. रंगभूमि व चित्रपट

अर्वाचीन काळानें नाटकाचाच मार्ग धरिला. विल्यम जोन्सचें इंग्रजी भाषांतर १७८९ सालीं निघाल्यावर शकुंतला युरोपांत गेली. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘संगीत शाकुंतल’ पुण्यास रंगभूमीवर आलें. त्यांत शकुंतलेची भूमिका पुरुषच करीत. चित्रपटानें ती भूमिका स्त्रीच्या हातीं दिली. १९४० च्या तमिळ चित्रपटांत एम्. एस्. सुब्बुलक्ष्मी व १९४३ सालीं व्ही. शांताराम यांच्या ‘राजकमल’च्या पहिल्याच चित्रपटांत जयश्री शकुंतला झाल्या. स्त्रीचा देह व स्वर अशा रीतीनें परत आला. पण जें बोलावयाचें तें व्यासांच्या शकुंतलेचें नव्हतें.

४. समारोप

दोन्ही कथांतील खरा भेद पुराव्याचा आहे. व्यासांच्या कथेंत स्त्रीचा शब्द खरा असूनही तो राजसभेस पुरत नाहीं, म्हणून आकाशवाणी लागते. कालिदासाच्या कथेंत शब्दाची जागा वस्तूनें घेतली. मुद्रा आहे तर पत्नी आहे, मुद्रा नाहीं तर नाहीं. इतिहाससंशोधकानें या भेदाकडे विशेष लक्ष द्यावें. आपण अस्सल कागद, शिक्का व मोर्तब यांवर विसंबणारे लोक. तसें विसंबणें अवश्यही आहे. परंतु शिक्के बहुधा दुष्यंताच्या दफ्तरांत असतात. ज्यांच्या हातीं शिक्का नव्हता त्यांची बाजू दफ्तरांत नाहीं, एवढ्यावरून ती नव्हतीच असें ठरविणें म्हणजे ‘आठवत नाहीं’ असें म्हणणाऱ्या राजाच्या पंक्तीस बसणें होय.