मोटारीतील ध्वनिवर्धकाचा सैल सांधा : एक मागोवा

शिकागोच्या गॅल्व्हिन कंपनीने १९३० साली 'मोटोरोला' या नावाने मोटारीत बसवण्याचा रेडिओ विक्रीस आणला आणि त्यानंतर दोनच वर्षांनी जर्मनीत ब्लाउपुंक्ट या नाममुद्रेचा संच सिद्ध झाला, हा वृत्तान्त पुष्कळांस ठाऊक असतो; परंतु निर्वात नळ्या गेल्या, ट्रान्झिस्टर आले, फिती आल्या, तबकड्या आल्या, या क्रमाने ती कथा सांगितली जात असताना ज्या लहानशा तोंडातून ध्वनीचा विद्युत्संकेत वर्धकात प्रवेश करतो, त्या जोडणीचा उल्लेख सहसा कोणी करीत नाही. वस्तुतः गेल्या चार दशकांत मोटारीतील वर्धकाच्या ज्या दुरुस्त्या दुकानांच्या मेजांवर आल्या, त्यांपैकी अत्यंत मामुली समजली गेलेली आणि म्हणूनच अत्यंत अनास्थेने उरकली गेलेली दुरुस्ती या सांध्याचीच होय, असे माझे मत आहे.

आपल्याकडे अँबॅसिडर व फियाट यांच्या काळी हा प्रश्न उद्भवतच नव्हता. त्या वेळी १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याचा अंमल असल्यामुळे रेडिओसाठी टपाल कचेरीतून परवाना घ्यावा लागे. आणि ज्या गाडीत रेडिओ असे, तिच्यात ग्राहक व वर्धक ही दोन्ही अंगे एकाच पेटीत बंदिस्त असल्याने बाहेरून आत येणारी नाजूक तार म्हणजे केवळ एरियलची. फिलिप्सने १९६३ मध्ये पुढे आणलेली कॅसेट मोटारीत रुळली, १९८३ च्या डिसेंबरात मारुती रस्त्यावर आली, आणि लहान गाडीतही मोठा आवाज असावा ही हौस मध्यमवर्गात पसरली, तेव्हा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या बुधवार पेठेत स्वतंत्र 'बूस्टर' मिळू लागले. सान्यो कंपनीच्या ४४४० या आयसीभोवती रचलेले कितीतरी वर्धक त्या काळी स्थानिक कारागिरांनी स्वहस्ते जोडले. त्यांच्या तोंडाशी तारा उघड्या पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली असे; सांधा ढिला होई हे खरे, परंतु तो दिसतही असे, आणि जो दिसतो तो क्षणात पुन्हा पिळता येतो.

यानंतर जी जोडणी आली ती दिसावयास नीटनेटकी, पण स्वभावतः या कामास परकी होती. आज आपण जिला आरसीए म्हणतो ती मध्यभागी खुंटी व भोवती कडे असलेली पिन रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या संस्थेने १९३० च्या दशकात ग्रामोफोनचा संकेत रेडिओच्या वर्धकात नेण्यासाठी योजली. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षे निश्चल उभ्या असणाऱ्या कपाटाच्या अंतर्भागात, एकदा बसवली की पुन्हा हात लावण्याचे कारण पडू नये, अशा हिशेबाने तिची घडण झाली होती. तिला अडकवून धरणारी कळ नाही, फिरवून घट्ट करावयाचा आटा नाही. केवळ कड्याच्या पकडीवर तिचा सारा भरवसा. हीच पिन पुढे वर्धकाबरोबर आसनाखाली आणि डिकीत गेली, आणि जे कार्य तिच्यावर कधी सोपवलेच नव्हते ते तिला करावे लागले.

तरीही आरंभीच्या चांगल्या वर्धकांत एक विवेक होता. पिनेचे घर, म्हणजे सॉकेट, पेटीच्या धातूच्या भिंतीस स्क्रूने आवळलेले असे, आणि तेथून लवचिक तार आतल्या पाटीपर्यंत, म्हणजे सर्किट बोर्डापर्यंत, नेलेली असे. केबलला हिसका बसला तर तो भिंत सोसे. पुढे खर्च व जागा वाचवण्यासाठी सॉकेट थेट छापील पाटीवरच बसवण्याची रीत पडली, आणि कित्येक रचनांत भिंतीचा आधारही गेला. मग कसारा किंवा खंबाटकी घाटातील वळणांची थरथर, वैशाखात उन्हात उभ्या गाडीचा दाह व रात्रीचा गारवा, कोकणातील खारट दमट हवा आणि केबलचे नित्याचे ओझे हे सर्व कथिलाच्या दोन-चार ठिपक्यांवर येऊन पडले. खुंटीच्या पायाभोवती केसाएवढी वर्तुळाकार भेग पडते. ती साध्या डोळ्यांस दिसत नाही. आवाज एका बाजूने जातो, खड्ड्यात गाडी आदळली की परत येतो. कड्याचा, म्हणजे आवरणाचा सांधा सुटला तर त्याहून विलक्षण प्रकार घडतो : एंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी आणि उतरणारी एक शीळ गाण्यात मिसळते, आणि मालक बिचारा आल्टरनेटरवर संशय घेतो.

या दुरुस्तीच्या इतिहासात २००६ हे वर्ष मोठे मानावे लागेल. त्या वर्षाच्या १ जुलैपासून युरोपीय संघाने विद्युत्साधनांतील शिशावर निर्बंध घातले आणि जगभरच्या कारखान्यांनी हळूहळू शिसेरहित कथील स्वीकारले. जुने ६३ भाग कथील व ३७ भाग शिसे यांचे मिश्रण १८३ अंश सेल्सियसला वितळे. नव्या कथील-चांदी-तांब्याच्या मिश्रणास सुमारे २१७ अंश लागतात. पर्यावरणाच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता, परंतु कारागिराची एक पिढीजात खूण त्यामुळे निरुपयोगी झाली. पूर्वी चकाकणारा सांधा चांगला व निस्तेज सांधा कच्चा असे खुशाल म्हणता येई. नवा सांधा निर्दोष असूनही निस्तेजच दिसतो. तेव्हापासून भिंगाखाली भेग शोधणे आणि सॉकेट हळूच हलवीत मीटरवर वहन तुटते का ते पाहणे, हीच खरी रुजवात ठरली.

दुरुस्तीची शुद्ध पद्धत मात्र बदललेली नाही. प्रथम बॅटरीचा ऋण तारबंध सोडावा, वर्धक बाहेर काढून त्यातील धारित्रे विसर्जित होऊ द्यावीत, जुने कथील शोषून काढावे, पाय स्वच्छ करावेत, फ्लक्स लावून नवे कथील भरावे. पाटीवरील तांब्याची वाट उचलली गेली असल्यास वेगळ्या तारेने ती पुढच्या बिंदूपर्यंत जोडावी. जुन्यावरच कथिलाचा आणखी एक थेंब सोडून काम संपवणे ही दुरुस्ती नव्हे, ती मुदतवाढ होय.

याहून गंभीर असा एक प्रमाद मी अनेक मेजांवर पाहिला आहे व त्याबद्दल मला मनापासून खेद वाटतो. कित्येक वर्धकांत संकेताच्या आवरणाची भूमी (ग्राउंड) आणि विजेच्या पुरवठ्याची भूमी या जाणूनबुजून विभक्त ठेवून त्यांच्यामध्ये एक लहानसा रोधक घातलेला असतो. मोटारीच्या धातूच्या सांगाड्यातून वाहणाऱ्या इतर प्रवाहांचा उपद्रव गाण्यास होऊ नये, एवढ्यासाठी ती तजवीज. घाईत असलेला कारागीर सैल कडे दिसताच ते जाड तारेने थेट पेटीस जोडून टाकतो. सांधा पक्का होतो, आवाज येतो, पैसे दिले जातात. आणि शीळ कायमची वस्तीस येते. रचनाकाराने ज्या कारणास्तव ती भूमी वेगळी राखली, ते कारण समजून घेतल्याविना त्या पाटीवर सोल्डरिंग आयर्न टेकवू नये.

अलीकडच्या गाड्यांत संकेत अंकरूपाने, कोठे कोठे तर प्रकाशतंतूतून, वर्धकाकडे जातो, आणि बिघडलेली पेटी उघडण्याऐवजी संपूर्ण बदलण्याचा प्रघात पडत आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ उघडले व त्यात मोटारींचा समावेश केला, हे स्वागतार्ह आहे. परंतु हक्कास कसबाची जोड हवी, आणि हे कसब जाणणारी माणसे पेठांतून कमी होत चालली आहेत. म्हणून ज्यांच्या गाडीत जुना, उत्तम घडणीचा वर्धक अद्याप आहे, त्यांस एवढीच विनंती की आवाज अडखळू लागताच तो भंगारात देऊ नये. जाणत्या कारागिराकडून त्याचे सॉकेट तपासून घ्यावे, आणि गाडी परत ताब्यात घेण्यापूर्वी केबल पेटीजवळ पट्ट्याने बांधून तिचा भार सांध्यावरून उतरवला आहे की नाही, हे स्वतः पाहून घ्यावे.