रूळ कोणाचे, भाडे कोणाचे?

नागरी वाहतुकीत खासगी भांडवल आले, एवढ्यानेच नाक मुरडण्याचे कारण नाही. खरा प्रश्न कराराचा आहे. दक्षिण लंडनमधील क्रॉयडन येथे २००० साली ट्राम सुरू झाली. तिची उभारणी व चालन ९९ वर्षांच्या कराराने खासगी कंपनीकडे होते. शहराच्या वाहतूक संस्थेने भाड्याचे धोरण बदलले, की कंपनीला भरपाई द्यावी लागे. अखेर २००८ मध्ये संस्थेने ९ कोटी ८० लाख पौंडांना ती कंपनीच विकत घेतली. मुंबईतही २०१४ साली वर्सोवा-घाटकोपर मेट्रो धावू लागताच भाड्याचा वाद उच्च न्यायालयात गेला. भाडे ठरविण्याचा अधिकार संदिग्ध ठेवणारी भागीदारी अखेर प्रवाशालाच महाग पडते. म्हणूनच असा करार सहीपूर्वी जनतेपुढे यावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.