नरसाळे : आकार एक, नावे अनेक

रुंद तोंडाचा, खाली निमुळता होत जाणारा आणि शेवटी अरुंद नळीत संपणारा पोकळ शंकू म्हणजे नरसाळे. मोठ्या भांड्यातील द्रव किंवा दाणेदार पदार्थ लहान तोंडाच्या भांड्यात न सांडता भरणे हे त्याचे काम. वर्णांची अदलाबदल होऊन मराठीत या शब्दाचे ‘नसराळे’ असेही रूप रूढ झाले असून वनस्पतींची वर्णने करताना अभ्यासकांनी ‘नसराळ्यासारखी फुले’ असा प्रयोग मुबलक केलेला आढळतो. इंग्रजीतील ‘फनेल’ या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेतील ‘आत ओतणे’ या अर्थाच्या क्रियापदात आहे. मात्र पुढे त्या एकाच शब्दाने आगबोटीचा धूर सोडणारा उभा नळ, वादळी ढगाची सोंड आणि अलीकडे तर व्यापारातील एक संकल्पनाही आपल्या पोटात घेतली. मराठीने वेगळी वाट धरली. आकार एकच असला, तरी त्याने करावयाचे काम बदलले की तिने नावही बदलले, आणि या नावांमागे कामाची जी सूक्ष्म जाण आहे, ती मराठीच्या शब्दसंपत्तीचा अभ्यास करणाऱ्याने मुद्दाम ध्यानात घ्यावी अशी आहे.

नरसाळ्याचे कार्य दिसते तेवढे सरळ नाही. बाटलीच्या तोंडात नरसाळे घट्ट बसवून वरून तेल ओतले, तर काही क्षण धार व्यवस्थित उतरते, मग ती अडखळते, ‘बुडबुड’ असा आवाज होतो आणि तेल वरच साचू लागते. बाटली रिकामी दिसली तरी तिच्यात हवा भरलेली असते, आणि खाली येणाऱ्या तेलाला जागा करून देण्यासाठी त्या हवेला बाहेर पडण्याची वाट मिळाली नाही, तर ती दाबली जाऊन तेलालाच अडवते. किराणा दुकानात सुटे तेल मोजून देणारा दुकानदार अशा वेळी नरसाळे बोटभर वर उचलतो आणि थांबलेली धार पुन्हा वाहू लागते. अनेक नरसाळ्यांच्या नळीवर बाहेरून ज्या उभ्या कडा काढलेल्या असतात, त्याही शोभेसाठी नसून नळी आणि बाटलीचे तोंड यांच्यामध्ये हवेसाठी फट राहावी यासाठीच असतात.

प्रयोगशाळेत या साधनाला काटेकोर भूमितीची जोड मिळते. गाळणकागदाची गोल चकती एकदा मधोमध आणि पुन्हा एकदा मधोमध दुमडली आणि तिचा एक पदर एका बाजूला, तर उरलेले तीन पदर दुसऱ्या बाजूला राहतील अशी ती उघडली, की जो शंकू तयार होतो, त्याच्या टोकाशी बरोबर 60 अंशांचा कोन असतो. रसायनशास्त्रातील नेहमीचे काचेचे नरसाळेही 60 अंशांचेच घडवतात, त्यामुळे कागद काचेला सर्व बाजूंनी बिलगून बसतो. एकमेकांत न मिसळणारे द्रव वेगळे करण्यासाठी खाली तोटी असलेले ‘विलगकारी नरसाळे’ वापरतात. त्यात पाणी आणि रॉकेल यांचे मिश्रण स्थिर ठेवले, तर हलके रॉकेल वर तरंगते, जड पाणी खाली राहते आणि तोटी उघडून ते आधी काढून घेता येते. सपाट, सच्छिद्र तळाच्या आणि हवेच्या ओढीने जलद गाळण करणाऱ्या नरसाळ्याला अर्न्स्ट ब्यूखनर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचे नाव मिळाले आहे. त्याने या उपकरणाचे वर्णन 1888 मध्ये प्रसिद्ध केले.

शेतीत मात्र याच आकाराला मराठीने ‘चाडे’ हा स्वतंत्र शब्द दिला. तिफणीवर बसवलेले चाडे म्हणजे लाकडाचे, वाटीसारखे खोलगट पात्र. त्याच्या तळाला जितके फण तितकी भोके असतात आणि प्रत्येक भोकातून एकेक पोकळ नळी फणापर्यंत उतरते. पेरणारी व्यक्ती, आणि अनेक भागांत ती स्त्रीच असते, ओटीतील बी मुठीत घेते, मूठ चाड्यावर धरते आणि बैलांच्या चालीशी जुळवून बोटांच्या फटींतून दाणे सोडत जाते. मूठ सैल झाली तर पेरा दाट पडतो, आवळली तर विरळ होतो आणि हात एका बाजूला कलला तर एखादी ओळ रिकामीच राहते. म्हणूनच पेरणीचा प्रारंभ करणे या अर्थाने ‘चाड्यावर मूठ धरणे’ हा वाक्प्रचार रूढ झाला असून, ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राने तिफण मागे सारली तरी मृगाचा पाऊस बरसल्यावर तो आजही लिहिला-बोलला जातो. नरसाळे पुष्कळ ठिकाणी पसरलेले एका ठिकाणी आणते, तर चाडे एका मुठीतील बी तीन सरींमध्ये वाटून देते. कामातील हा भेद ज्यांनी ओळखला, त्यांनी दोन्हींना एक नाव दिले नाही, यात नवल नाही.

पेरणीनंतर शेतकऱ्याचे लक्ष ज्या पावसाकडे लागते, तो मोजण्याचे कामही नरसाळ्यावरच अवलंबून असते. पर्जन्यमापकाच्या रुंद तोंडावर पडलेले पाणी नरसाळ्यातून आतील पात्रात उतरते आणि मार्ग अरुंद असल्यामुळे त्याचे बाष्पीभवन कमी होते. तोंडाचे क्षेत्रफळ 200 चौरस सेंटिमीटर असेल, तर 1 मिलिमीटर पावसाचे 20 मिलिलिटर पाणी जमा होते. महाराष्ट्रात महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाल्यास ती अतिवृष्टी धरली जाते. अशा पर्जन्यमापकात त्याचे पाणी सुमारे 1.3 लिटर भरते. पिकाचे नुकसान झालेल्या कुटुंबाला मदत मिळेल की नाही, हे ठरवताना या एवढ्याशा पाण्याची नोंद पाहिली जाते. म्हणून ते नरसाळे स्वच्छ, समपातळीत आणि झाडाच्या आडोशापासून दूर असणे ही केवळ तांत्रिक बाब राहत नाही.

हाच आकार उलट वापरला, म्हणजे अरुंद टोकाकडून रुंद तोंडाकडे नेला, की आवाज दूरवर पोहोचवता येतो. जुन्या ग्रामोफोनवरील आणि सभामंडपातील ध्वनिक्षेपकाच्या अशा भागाला मराठीत ‘कर्णा’ म्हणतात, आणि त्याच नावाचे फुंकून वाजवण्याचे वाद्यही आहे. आगबोटीवरील ज्या नळाला इंग्रजी भाषा नरसाळ्याचेच नाव देते, त्याला मराठीत ‘धुराडे’ म्हणतात, कारण मराठीने तेथे आकार न पाहता धूर पाहिला. 1912 मध्ये बुडालेल्या ‘टायटॅनिक’ला अशी चार धुराडी होती, त्यांपैकी तीन धुराड्यांतूनच बाष्पकांचा धूर बाहेर पडे आणि चौथे मुख्यतः हवा खेळती ठेवण्यासाठी होते.

निसर्गात हा आकार ठायी ठायी आढळतो. धोतऱ्याचे फूल नरसाळ्यासारखे असते. मानवी शरीरात अंडनलिकेचे अंडाशयाजवळील टोकही तसेच असून अंडाशयातून सुटलेले अंडे त्यातूनच आत घेतले जाते. पावसाळा ओसरल्यावर पहाटेच्या माळरानावर गवतात दवाने चमकणारी पांढरी जाळी दिसतात, त्यांच्या एका टोकाला निमुळता बोगदा असतो आणि त्यात हिप्पासा या प्रजातीचा कोळी भक्ष्याची वाट पाहत दबून बसलेला असतो. वादळी ढगाच्या तळातून फिरत खाली उतरणारी सोंड जमिनीपर्यंत पोहोचली नाही, तर तिला नरसाळ्याचा ढग म्हणतात आणि तिच्यातील भोवऱ्याने जमीन गाठली, की तेच टोर्नेडो ठरते.

समुद्रात मात्र या आकाराचे सामर्थ्य उग्र रूप धारण करते. खंभातचे आखात दक्षिणेला रुंद असून उत्तरेकडे अरुंद आणि उथळ होत जाते, त्यामुळे आत शिरलेल्या भरतीच्या पाण्याला पसरायला जागा न उरल्याने ते उंच चढते. मुंबईला भरती-ओहोटीतील फरक फार तर 5 मीटरच्या आसपास असतो, तर भावनगरजवळ तो 10 मीटरच्याही पुढे जातो. बंगालच्या उपसागराचे उत्तर टोकही असेच निमुळते आणि उथळ आहे. नोव्हेंबर 1970 मध्ये आज बांगलादेशात असलेल्या भोला परिसरावर जे चक्रीवादळ आले, त्याने लोटलेल्या समुद्राच्या पाण्यात 3 ते 5 लाख माणसे मृत्युमुखी पडल्याचा अंदाज आहे. किनाऱ्याच्या या ठेवणीने त्या पाण्याची उंची वाढवली होती.

व्यापारात आज ‘सेल्स फनेल’ हा शब्द सर्रास वापरला जातो. ग्राहकाचे लक्ष वेधणे, उत्सुकता निर्माण करणे, इच्छा जागवणे आणि अखेरीस खरेदी घडवणे या पायऱ्यांची मांडणी अमेरिकी जाहिरातज्ज्ञ एलायस सेंट एल्मो लुईस यांच्या नावाशी जोडली जाते, आणि वरून पुष्कळ लोक शिरून खाली थोडेच उरतात म्हणून तिला नरसाळ्याची उपमा मिळाली. परंतु खऱ्या नरसाळ्यात जेवढे ओतावे तेवढे सगळे खाली उतरते. काहीही वाया जाऊ नये यासाठीच ते असते. वर शेकडो आणि खाली मोजकेच उरावेत, हे काम नरसाळ्याचे नव्हे, चाळणीचे आहे. ओतणे, गाळणे, चाळणे आणि पेरणे या चार क्रिया मराठीने आपापल्या साधनांसह स्पष्टपणे वेगळ्या ठेवल्या आहेत. त्यामुळे परभाषेतील उपमा मराठीत आणताना ती वस्तू नेमके काय करते, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. तो विचारण्याची सवय चाड्याला चाडे आणि धुराड्याला धुराडे म्हणणाऱ्यांनी भाषेला केव्हाच लावून ठेवली आहे.